संकेतस्थळालाही ‘ट्रायाज’ हवा

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ सकाळी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. आदल्या संध्याकाळी त्याला कुत्रा चावला होता. ‘रात्रीच का नाही आणलंत?’ मी जरा रागानेच विचारले. त्यांनी मोबाइल पुढे केला. ‘साहेब, वेबसाइटवर शोधलं. रात्री इंजेक्शन मिळतं की नाही, ते कळलंच नाही.’

मग मी स्वतः पाहिले. वर मान्यवरांची छायाचित्रे, खाली सरकती पट्टी, त्यानंतर निविदा आणि भरतीच्या सूचना. अपघात विभाग चोवीस तास सुरू असतो आणि तिथे रेबीजची लस मिळते, ही ओळ अगदी तळाशी, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत होती.

अपघात विभागात आम्ही रुग्ण आलेल्या क्रमाने तपासत नाही. ज्याच्या जिवाला धोका, तो आधी. याला ‘ट्रायाज’ म्हणतात. संकेतस्थळाच्या रचनेतही असाच अग्रक्रम लागतो. काय वर, काय मोठे, कशाभोवती मोकळी जागा, यावरून नजर महत्त्वाचे काय ते ठरवते. लोक स्क्रीनवर ओळ न् ओळ वाचत नाहीत, चाळतात. जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून दाखवले, की नजर बहुधा वरच्या भागात आडवी फिरते आणि मग डाव्या कडेने खाली उतरते. घाबरलेला बाप तळापर्यंत पोहोचेलच कशाला?

उपाय खर्चिक नाही. सर्वांत वर अपघात विभागाचा फोन, बोट टेकवताच लागेल असा. शेजारी रुग्णवाहिकेसाठी १०८. खाली तीनच मोठी बटणे : ओपीडीच्या वेळा, लसीकरण, पत्ता. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक किमान ४.५ : १ असावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. निविदा हव्यातच, पण आतल्या पानावर.

ही सजावटीची बाब आहे, असे मलाही वाटायचे. पण रेबीजची लक्षणे दिसू लागली, की आमच्या हाती जवळपास काहीच उरत नाही. जखम लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब उपचार, एवढेच हाती असते. त्या मुलाचे उपचार आम्ही तत्काळ सुरू केले. पण एक रात्र वाया गेली होती.

आज आपल्या जवळच्या रुग्णालयाचे संकेतस्थळ मोबाइलवर उघडा. दहा सेकंदांत अपघात विभागाचा फोन सापडला नाही, तर रुग्णालयाच्या प्रमुखांना जरूर कळवा.