इंजिनाची पत

या सदरात आजवर भाजीवाली, व्याकरण आणि न सांगता येणारे पाहुणे यांच्याखेरीज फारसं कोणी डोकावलेलं नाही. यंदा मोटार आली आहे. आणि तीही साधीसुधी नव्हे, खानदानी सेडान, पण जुनी. नव्या छोट्या गाडीला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात बारा-चौदा वर्षांची, चामड्याच्या बैठकीची, दार लावताच बाहेरचा गलबला बंद करणारी मोटार मिळते, हे कळल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

आम्ही जव्हारला राहतो. "वहिनी, संस्थानच्या गावात राहून तुम्ही किती दिवस एस.टी.ची वाट बघणार?" असं भावोजी ठाण्याहून फोनवर विचारतात. संस्थान 1948 सालीच विलीन झालं, हे मी त्यांना सांगितलं. पण आमची निकड राजेशाहीची नाहीच. सासूबाईंना दर महिन्याला हृदयाच्या तपासणीसाठी नाशिकला न्यावं लागतं. मोखाड्यावरून, तोरंगणचा घाट चढून, त्र्यंबकेश्वरमार्गे सुमारे 80 किलोमीटर. गेल्या आषाढात हाच प्रवास रात्री अकराला निघून करावा लागला. पाऊस असा, की समोरचा रस्ता पुसून निघालेला. त्या रात्री शेजाऱ्यांची जीप मिळाली म्हणून निभावलं. तेव्हा मला मोटारीकडून हवं आहे ते एवढंच, की घाटाच्या मध्यावर तिने मान टाकू नये.

भावोजींचं मन 2010 सालच्या एका बीएमडब्ल्यू 320 डी वर जडलेलं. दोन हजार सीसीचं डिझेल इंजिन, ओढ जबरदस्त, शिवाय तेलाला काटकसरी. एवढे गुण ऐकले की मला परीक्षकाची खोड आठवते. पहिलं पान सुवाच्य असलं, की मी मधली पानं आधी उलटते. तशी उलटली. या गाडीतलं 'एन 47' नावाचं इंजिन 2007 पासून निघालं. त्याची टायमिंग चेन, म्हणजे आतल्या झडपांची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत ती लवकर झिजते, ही तक्रार जगभर गाजली. साखळी काही सोन्याची नसते. पण तिच्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स, बहुधा सगळं इंजिनच, खाली उतरवावं लागतं. तुटली तर पिस्टन झडपांवर आदळतो आणि साखळीचं दुखणं सबंध इंजिनाचं होतं.

माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. लोक विचारतात, "इंजिन भरवशाचं आहे का?" भरवसा कुठे लागणार, ते कोणी विचारत नाही. पुण्यामुंबईत हेच इंजिन पोसायला हरकत नाही. तिथे सकाळी आवाज आला तर दुपारी जाणता मिस्त्री भेटतो. मोखाड्याच्या पुढे मिस्त्री भेटतो तो ट्रॅक्टरचा, आणि तो मनुष्य कितीही भला असला तरी त्याच्याजवळ जर्मन साखळी ओढून काढण्याची हत्यारं असायची नाहीत. आम्हाला दुखणं आलं तर आधी कुरकुरणारं आणि नाशिकच्या बाजारात औषध मिळणारं इंजिन पाहिजे.

नव्या डिझेलचीही गोष्ट निघाली. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस 6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून बराच वेळ एका लयीत पळवावी लागते. आमची गाडी एरवी घर ते कॉलेज एवढीच चालणार, आणि महिन्यातून एकदा खड्डे मोजत घाट चढणार! लय धरायची कुठे?

यजमानांचा कौल जपानीला. "टोयोटा म्हणजे डोळे मिटून घ्यावी," असं हे म्हणतात. डोळे मिटून मी उत्तरपत्रिकाही तपासत नाही. त्याच घराण्यातलं कॅमरीचं आधीचं 2.4 लिटरचं पेट्रोल इंजिन ऑइल पिण्याबद्दल बदनाम झालं होतं. अमेरिकेत कंपनीला काही वर्षांच्या गाड्यांचे पिस्टन आणि रिंगा बदलून द्यायची व्यवस्था करावी लागली. 2012 मध्ये भारतात आलेल्या कॅमरीत 2.5 लिटरचं नवं इंजिन आहे. टर्बो नाही, गाळणी नाही, आणि साखळी गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला. पेट्रोल मात्र ते सढळ हाताने पितं. त्यातून आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि एवढ्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, वॉशर त्यासाठी बनवलेले नाहीत. दोष आहेतच, पण हे दोष हळूहळू खर्च वाढवतात, रात्री रस्त्यात सोडून जात नाहीत.

नाशिकला अशी एक गाडी बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्या गृहस्थांनी आमच्या स्वागतासाठी इंजिन आधीच सुरू करून, बंद करून ठेवलेलं. मी बॉनेटवर हात ठेवला. चांगलं ऊन लागलं. थंड इंजिन पहिल्या काही क्षणांत आपली सगळी कुलकथा सांगतं. साखळी सैल असेल तर खडखडतं, ऑइल जळत असेल तर मागून निळसर धूर सोडतं. तापल्यावर हेच इंजिन सभ्यपणे बोलू लागतं. आम्ही चहा घेतला आणि परतलो.

दुसरी गाडी पाहायला मुक्कामाला जाऊन सकाळी सात वाजता उभे राहिलो. बॉनेट गार. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. पांढरट साय नव्हती, म्हणजे पाणी मिसळलेलं नव्हतं. मग संगणकाची तार जोडली. दोषांच्या नोंदी नुकत्याच पुसल्या असतील, तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात म्हणे. इथे त्या पुऱ्या होत्या. ऑइल बदलल्याच्या पावत्या तारखांनिशी सलग निघाल्या. मधली पानंही सुवाच्य होती.

भावोजी दोन दिवस फोनवर तुटक बोलले. गाडी घरी आणण्याआधी तिचं ऑइल, पट्टा आणि रबरी नळ्या बदलायच्या ठरल्या आहेत. त्यांचे पैसे मी किमतीतून आधीच वजा करून घेतले. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की मागच्या बैठकीवर पाय लांब करता येतात का. येतात.