बर्फ कुणाच्या पैशाचे?

अमेरिकेतील विद्यापीठे शिकवतात कमी आणि खेळतात जास्त, असे कुणी थट्टेने म्हटले की मी हसून सोडून देत असे. अलास्कातील अँकरेजच्या विद्यापीठाची हकिगत वाचल्यापासून तसे हसू येत नाही.

आपल्याकडे महाविद्यालयाचा जिमखाना म्हणजे टेबल टेनिसचे एक टेबल, कॅरम आणि फीच्या पावतीवरचा एक आकडा. तिकडे आइस हॉकीचा संघ हा मोठाच प्रपंच असतो. बंदिस्त रिंगण, बर्फ गोठवणारी यंत्रे, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या आणि प्रवास. अँकरेजला तर फेअरबँक्सचे भावंड सोडले तर प्रत्येक प्रतिस्पर्धी विमानानेच गाठावा लागतो! बड्या विद्यापीठांना फुटबॉल आणि बास्केटबॉल दूरचित्रवाणीचा पैसा मिळवून देतात. हॉकीच्या नशिबी ते भाग्य क्वचितच. म्हणून हात आखडायची वेळ आली की नजर बर्फाकडे वळते.

अलास्काचा खजिना तेलावर चालतो. तेलाचे उत्पन्न घटले आणि २०१९ मध्ये राज्याने तेथील विद्यापीठांच्या अनुदानात तीन वर्षांत ७ कोटी डॉलरची कपात ठरवली. पुढच्याच वर्षी अँकरेजच्या हॉकी, जिम्नॅस्टिक्स आणि स्कीइंगवर कुऱ्हाड आली. दोन वर्षांचा खर्च बाहेरून उभा केलात तर संघ राहील, ही अट. हॉकीसाठी ३० लाख डॉलर! करोनाच्या त्या दिवसांत चाहत्यांनी आणि माजी खेळाडूंनी झोळी फिरवली, २०२१ च्या उन्हाळ्याअखेर रक्कम जमवली आणि २०२२ मध्ये संघ पुन्हा बर्फावर उतरला. मला या लोकांचे कौतुक वाटते, पण विद्यापीठाचा संघ वर्गणीवर जगावा, हे मनाला पटत नाही.

याच्या अगदी उलट चित्र पेनसिल्व्हेनियात. नैसर्गिक वायूच्या धंद्यात गब्बर झालेल्या टेरी पेगुला यांनी २०१० मध्ये पेन स्टेट विद्यापीठाला ८ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले. त्यातून रिंगण आणि पहिल्या श्रेणीचा संघ उभा राहिला. एकीकडे तेलाने संघ बुडवला, दुसरीकडे वायूने उभा केला.

त्यात आता नियमच बदलले. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे विद्यापीठांना २०२५-२६ या वर्षात खेळाडूंना थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत देण्याची मुभा मिळाली. हे न्याय्यच आहे. मुलांच्या घामावर प्रशिक्षक आणि संस्था वर्षानुवर्षे श्रीमंत झाल्या. मात्र या रकमेतला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि लहान विद्यापीठाला ती झेपतच नाही.

ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या ज्युनियर लीगमधील खेळाडूंनाही अमेरिकी विद्यापीठांची दारे उघडली. पूर्वी त्यांना व्यावसायिक समजून बाहेर ठेवत. पंधरा-सोळाव्या वर्षीच एक वाट कायमची निवडण्याची सक्ती संपली, हे बरेच झाले. पण तयार खेळाडू मिळू लागल्यावर गावातल्या मुलाला कोण घेणार?

या लाटेतला सर्वांत गाजलेला मुलगा गॅव्हिन मॅकेना. तो अलास्काला लागून असलेल्या युकॉनमधील व्हाइटहॉर्सचा. जुलै २०२५ मध्ये त्याने आपले विद्यापीठ जाहीर केले, ते पेन स्टेट.