हाक कुणाला, ओ कुणाची

क्रॅश झाला की आपण आधी टीममधल्या नव्या पोराकडे बघतो. मीही तेच केलं.

झालं असं, की आमचं पोस्टग्रेस एक्स्टेन्शन प्रॉडक्शनवर अधूनमधून सेगफॉल्ट द्यायला लागलं. एक बॅकएंड असा मेला की पोस्टमास्टर बाकीची कनेक्शन्सही तोडतो आणि रिकव्हरी करतो, म्हणजे बोंबाबोंब ठरलेली. कोड आमच्या सगळ्यात ज्युनिअर मुलाचा. "तुझ्या पॉइंटरचंच काहीतरी गंडलंय," मी भर मीटिंगमध्ये सुनावलं. बिचारा दोन रात्री व्हॅलग्राइंड घेऊन बसला.

तिसऱ्या दिवशी त्यानेच बॅकट्रेस दाखवला. आमच्या लायब्ररीने हाक मारली होती स्वतःच्या 'बफर_इनिट'ला, आणि ओ दिली दुसऱ्याच एक्स्टेन्शनच्या 'बफर_इनिट'ने! त्याच्या मशीनवर ते दुसरं एक्स्टेन्शनच नव्हतं, मग व्हॅलग्राइंडला काय कप्पाळ सापडणार?

पोस्टग्रेस लायब्ररी उघडतं ती 'आरटीएलडी_ग्लोबल' लावून. त्यामुळे तिची सगळी उघडी नावं प्रोसेसच्या सामाईक यादीत जातात आणि लिनक्सचा लोडर पहिलं सापडेल ते उचलतो. वाड्यात दोन कुलकर्णी असले की पत्र जिन्याजवळच्या कुलकर्ण्यांकडे पडायचं, तसंच. पायथन 2 आणि 3 एका सेशनमध्ये चालवायला पोस्टग्रेसने मनाई केली होती ती याच भांडणापायी. 2022 मध्ये, आवृत्ती 15 ला, पायथन 2 काढलं तेव्हा ते मिटलं.

ऑफिसात सल्ला आला: 'शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज'मध्ये आपलं नाव आधी टाका. मला हे अजिबात पटत नाही. आपण वाचू, पण मग ते दुसरं एक्स्टेन्शन आपलं फंक्शन उचलून मरणार. आपला कचरा शेजाऱ्याच्या दारात!

एसक्यूएलमधून लागतात तेवढीच फंक्शन्स उघडी ठेवा. बाकी 'स्टॅटिक', नाहीतर व्हिजिबिलिटी हिडन. पोस्टग्रेस 16 पासून (2023) पीजीएक्सएस हे जमेल तिथे आपोआप करतं. आमची मेकफाइल मात्र घरगुती, त्यामुळे तो लाभ नाही. आत एखादी तयार स्टॅटिक लायब्ररी कोंबली असेल तर लिंकरला व्हर्जन स्क्रिप्टही द्यावी लागते.

फिक्स तीन ओळींचा. त्या मुलानेच टाकला. सुनावलं होतं भर मीटिंगमध्ये, सॉरी मात्र मी टपरीवर चहा पिताना म्हटलं. सोमवारी सगळ्यांसमोर म्हणायचंय.