पास कुठे काढायचा?



कल्याणचा एक फिटर नोकरीसाठी फरिदाबादला आला. पहिल्याच आठवड्यात त्याने आम्हाला विचारले, "सेक्रेटरीसाहेब, इथे मेट्रोचा महिन्याचा पास कुठे काढायचा?" आम्हाला सांगावे लागले, "भाऊ, असा पास इथे नाही."

२४ डिसेंबर २००२ ला धावू लागलेली दिल्ली मेट्रो बांधणाऱ्या व चालविणाऱ्या कामगारांचा आम्हाला अभिमान आहे. पण शहराशहरांची तुलना कामगाराने डब्याच्या झगमगाटावरून करू नये, पगारातून जाणाऱ्या भाड्यावरून करावी. २०१७ साली मे व ऑक्टोबर अशा दोन दरवाढींत मेट्रोचे कमाल भाडे ३० रुपयांवरून ६० वर नेले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते ६४ झाले. एस्कॉर्ट्स मुजेसर ते कश्मीरी गेट जाऊन-येऊन १२८ रुपये, म्हणजे २६ दिवसांचे ३,३२८ रुपये! कार्डावरची दहा टक्के सूट धरली तरी रक्कम तीन हजारांच्या घरात जाते.

मुंबईच्या लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आहे आणि मासिक पास सुट्या तिकिटांच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतो. तोटा रेल्वे सोसते. १९८४ साली सुरू झालेल्या कोलकाता मेट्रोचेही किमान भाडे ५ रुपयेच, तीही रेल्वेच चालविते. दिल्लीत मात्र ११ रुपये. तेव्हा स्वस्त प्रवास अशक्य नाही, तो धोरणाचा प्रश्न आहे.

आम्ही मुंबईचे गोडवे गात नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडून मेले. पास स्वस्त ठेवायचा आणि गाड्या वाढवायच्या नाहीत, हीदेखील कामगाराची फसवणूकच आहे.

साहेब लोक विचारतात, "तोटा कोण भरणार?" उड्डाणपुलाला हा प्रश्न कोणी विचारतो काय? मोटारवाल्याला पूल फुकट आणि मजुराकडे मात्र पै-पैचा हिशेब! २९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीत महिलांना बसप्रवास मोफत झाला, तेव्हा काही आभाळ कोसळले नाही.

दिल्लीची रिंग रेल्वे तर डोळ्यांसमोर आहे. मालगाड्यांसाठी १९७५ साली झालेल्या या मार्गावर १९८२ च्या एशियाडसाठी लोकल वाढविल्या. निजामुद्दीन, लाजपतनगर, सफदरजंग, पटेलनगर अशी स्टेशने आहेत, रूळ आहेत, पण प्रवासी गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. खेळाडूंसाठी गाड्या निघाल्या, मग कामगारांसाठी का नाहीत?

आमच्या मागण्या अशा:
१. संपूर्ण राजधानी परिसरात रेल्वे, बस व मेट्रोसाठी एकच स्वस्त मासिक पास द्या.
२. रिंग रेल्वेवर पाळ्यांच्या वेळी गाड्या वाढवा.
३. भाडे ठरविणाऱ्या समितीत कामगार प्रतिनिधी घ्या.

साथींनो, शाखाशाखांतून सह्या गोळा करा. पास खिडकीवर मागून मिळणार नाही, तो एकजुटीनेच मिळवावा लागेल!