बंडाची गोष्ट घरातून

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याचं नाव इंग्रजांच्या कागदपत्रांत १८१८ साली ठळकपणे येतं. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी पकडलं, ते कैदेतून निसटले आणि त्यांच्या बाजूने कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल उठले. सप्टेंबरात कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतलं. जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. एवढ्यात गोष्ट आटोपते. त्या पावसाळ्यात गावातल्या पोरांनी काय पाहिलं, कोणाचा काका घरी परतला नाही, फौज आली तेव्हा घराघरांत काय बोलणं झालं, याचा मागमूस नाही. लिहिणारे बंड मोडणारे होते, त्यांना पोरांचं काय पडलं होतं!

मर्जान सत्रापी या इराणी चित्रकर्तीने आपल्या देशाच्या बाबतीत ही उणीव भरून काढली. तिचा जन्म १९६९चा. तेहरानमध्ये वाढलेली ही मुलगी १९७९च्या क्रांतीच्या वेळी जेमतेम नऊ वर्षांची होती. पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाल्यावर तिने बालपणाची कहाणी चित्रांतून सांगितली. २००० ते २००३ या काळात ‘पर्सेपोलिस’ या चित्रकथेचे चार भाग फ्रेंचमध्ये आले आणि २००७ मध्ये व्हिन्सेंट पारोनो याच्यासोबत तिने त्याचाच अ‍ॅनिमेशनपट केला. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं. ऑस्करला नामांकन होतं, पण बाहुली गेली स्वयंपाक करणाऱ्या उंदराच्या ‘रॅटाटुई’कडे.

चित्रपटात मोठे मोर्चे आहेत, शहा पळतो, नवी राजवट येते, इराकचे बॉम्ब पडतात. पण हे सगळं कळतं ते स्वयंपाकघरातून आणि शाळेच्या वर्गातून. अनूश काका शहाच्या तुरुंगात वर्षं काढून सुटतो, पुतणीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगतो. नवं सरकार त्याला पुन्हा पकडतं. शेवटच्या भेटीला तो पुतणीला बोलावून घेतो, पावाच्या लगद्याचा हंस तिच्या हातात ठेवतो आणि नंतर त्याला मृत्युदंड दिला जातो. काल आझादीच्या घोषणा देणारेच आज डोक्यावरचा रुमाल नीट आहे का हे तपासू लागतात. मुलगी मात्र चोरट्या बाजारात आयर्न मेडनच्या कॅसेट शोधत फिरते. चौदाव्या वर्षी आईवडील तिला व्हिएन्नाला पाठवतात. तिथे ती सुटकेचा श्वास घेते आणि एकटीही पडते. आणि आजी! चोळीत रोज जाईची ताजी फुलं ठेवणारी, नातीने खोटेपणा केला की तोंडावर झापणारी ही म्हातारी चित्रपटाचा कणा आहे.

या चित्रपटाला इस्लामविरोधी म्हणणाऱ्यांनी तो नीट पाहिलेला नसावा. शहाच्या छळकोठड्या त्यात आहेत, दोन्ही बाजूंना शस्त्रं विकणारे पाश्चात्त्य देशही सुटलेले नाहीत. तरी इराणच्या सरकारी फाराबी फाउंडेशनने फ्रान्सकडे निषेध नोंदवला. बँकॉकच्या महोत्सवाने तो यादीतून काढला. लेबनॉनने २००८ मध्ये आधी बंदी घातली, ओरड झाल्यावर उठवली.

ट्युनिशियातला प्रकार तर मुळातून समजून घेण्यासारखा आहे. २०११च्या ऑक्टोबरात, संविधान सभेच्या निवडणुकीला दोन आठवडे असताना, ‘नेस्मा’ वाहिनीने हा चित्रपट स्थानिक बोलीत डब करून दाखवला. लहान मर्जानच्या कल्पनेत देव पांढऱ्या दाढीचा म्हातारा होऊन येतो, त्यावरून वाहिनीच्या कार्यालयावर जमाव चालून गेला, मालकाच्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. पुढे न्यायालयाने त्या मालकाला २,४०० दिनारांचा दंड केला. फ्रेंचमध्ये असेपर्यंत तो शहरी शिकलेल्यांचा चित्रपट होता. घरातल्या बोलीत बोलू लागल्याबरोबर तो सगळ्यांचा झाला आणि म्हणूनच झोंबला.

सत्रापीने नट घेऊन चित्रपट करायचं टाळलं, त्यामागे विचार होता. खरे चेहरे, खरी वाळवंटं दाखवली की प्रेक्षक म्हणतो, हे दूरच्या लोकांचं काहीतरी चाललंय. काळ्या रेषेतली मुलगी कुणाचीही मुलगी होते. भूतकाळ जवळपास सगळा काळापांढरा आहे, रंग येतो तो पॅरिसच्या विमानतळावर बसलेल्या मोठ्या मर्जानला. चित्रंही हाताने, कागदावर काढलेली.

आपल्याकडे ‘प्रभात’ने तीसच्या दशकातच ‘जंबू काका’ हा छोटा अ‍ॅनिमेशनपट केला होता, तरी आजही कार्टून म्हणजे पोरांना जेवताना लावून द्यायची गोष्ट. हा समज सोडायला हवा, आणि त्याची सुरुवात पुण्या-मुंबईतल्या महोत्सवांऐवजी कामठ्यासारख्या गावातून व्हायला हरकत नाही.

कारण हा जिल्हा उलथापालथीला अनोळखी नाही. कामठा जंगलपट्टीत येत नाही, पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हे तालुके याच जिल्ह्यातले. नक्षल चळवळीच्या काळात तिथल्या मुलांनी रात्री नक्षलवाद्यांचं दलम आलेलं पाहिलं, सकाळी पोलीस आलेले पाहिले आणि सशस्त्र दूरक्षेत्राच्या तारांजवळून शाळेची वाट धरली. त्यांच्या पिढीतली मुलं आता तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्या वतीने बोलतात पोलिसांची पत्रकं, चळवळीची पत्रकं आणि वर्तमानपत्रांतल्या चकमकीच्या बातम्या. मुलं मध्ये कुठेच नाहीत. १८१८ आणि आज यांत या बाबतीत फार फरक पडलेला नाही, हे मान्य करायला हवं.

सांगायची साधनं नाहीत असं म्हणता येणार नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार रंगते, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११च्या ‘भीमायन’मध्ये बाबासाहेबांचं आयुष्य आपल्या परंपरेतल्या रेषेने उभं केलं. पाहणारा डोळा आहे, हातही आहे. फक्त आपलं बालपण हा सांगण्याजोगा विषय असतो, हे कुणीतरी दाखवून द्यायला हवं.

‘पर्सेपोलिस’मध्ये मारहाणीची, छळाची दृश्यं आहेत, भाषा काही ठिकाणी शिवराळ आहे. २०१३ मध्ये शिकागोच्या शाळांतून त्याचं मूळ पुस्तक वर्गाबाहेर काढायला सांगितलं गेलं, तेव्हा विद्यार्थीच निषेधाला उभे राहिले. नववी-दहावीची मुलं मोबाइलवर याहून भयंकर पाहतात, तेही सोबत कुणी मोठं नसताना. आपल्या वर्गात हा चित्रपट नको म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

तेव्हा कामठ्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांना एक विनंती. प्रदर्शनाची रीतसर परवानगी घेऊन हा दीड तासाचा चित्रपट नववी आणि त्यापुढच्या मुलांना दाखवावा. मध्ये मध्ये थांबवून पोवारीत किंवा झाडीबोलीत समजावून सांगावा. दुसऱ्या दिवशी मुलांना घरच्या आजी-आबाजींकडे पाठवावं, त्यांच्या लहानपणी गावात काय काय घडलं ते विचारून वहीत चित्रांसह उतरवायला सांगावं. आठवीपर्यंतच्यांना मात्र त्या वेळी मैदानावर खुशाल खेळू द्यावं.