न्यायाचा दिवस नक्की कुणाच्या बाजूचा?

२३ सप्टेंबर २०२५ ला जग संपणार होतं. निदान दक्षिण आफ्रिकेतल्या जोशुआ म्हलाकेला नावाच्या गृहस्थांना तसं दर्शन झालं होतं म्हणे. २३ किंवा २४ तारखेला प्रभू येणार आणि विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण व्हॉट्सअॅपला कोण अडवणार? आमच्या मंडळीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ मराठी मथळ्यासकट आला. चार जणांनी 'आमेन' लिहिलं. दोघांनी हात जोडले. २४ तारखेला संध्याकाळी मी नेहमीसारखा भाजी आणायला गेलो. २५ ला ग्रुप एकदम शांत. २६ ला कुणीतरी फुलांचं 'गुड मॉर्निंग' टाकलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. तारखेबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही.

यात नवीन काहीच नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या एका शेतकऱ्याने दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांची वर्षं करून हिशेब मांडला. शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. लोकांनी उभी पिकं शेतात सोडली, धंदे बंद केले. तो दिवस आला आणि गेला. इतिहासात त्याला 'महानिराशा' असंच नाव पडलं आहे. त्या निराशेतून सावरलेल्यांतल्या काहींनी पुढे सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथ उभा केला. त्यांनी तारखा सांगणं सोडलं आणि शाळा-दवाखाने काढले. पुण्यात औंधला स्पायसर कॉलेज आहे ना, ते त्यांचंच. मग हॅरल्ड कॅम्पिंग आले. २१ मे २०११. ती हुकल्यावर २१ ऑक्टोबर. मार्च २०१२ मध्ये मात्र त्यांनी जाहीर पत्र काढलं आणि तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं. तेवढं तरी बरं.

आणि हे खूळ फक्त आम्हा ख्रिस्ती लोकांचंच आहे असंही नाही. फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आठवणारी माणसं अजून आहेत. तेव्हा देशभर होमहवन झाले होते. आमच्या या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर, पण जुन्या माणसाच्या तोंडातून जुनं नाव जात नाही) शेवटाची वाट पाहणारे आम्ही एकटे नाही. शेजारचे मुसलमान भाई कयामतीचं बोलतात, समोरच्या काकू 'कलियुग आहे बाबा' म्हणतात. शेवटाची कल्पना प्रत्येकाला लागते. माझं भांडण त्या कल्पनेशी नाहीच. ती घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांशी आहे.

का, ते सांगतो.

माझे एक चुलतभाऊ गंगापूर तालुक्यात राहतात. वयाने मोठे, म्हणून मी दादा म्हणतो. थोडी कोरडवाहू जमीन, दोन म्हशी. २०१९ साली त्यांच्या मुलीचा जीएनएम नर्सिंगला नंबर लागला. आमच्या समाजात नर्सिंगला काय किंमत आहे हे ठाऊक असलेल्यांना वेगळं सांगायला नको. एक मुलगी नर्स झाली की मागचं सगळं घर उभं राहतं. फीचे पैसे दादांनी म्हैस विकून जमवले होते. त्याच आठवड्यात गावात तीन रात्रींची जागृती सभा झाली. बाहेरून आलेले एक पास्टर, मोठे स्पीकर, पडद्यावर भूकंप आणि युद्धाची चित्रं. तिसऱ्या रात्री अर्पणाचं आवाहन झालं. प्रार्थनेचं नवं सभागृह बांधायचं होतं.

नंतर मी फोन केला. म्हटलं, "दादा, फी भरली का?"

"अरे, प्रभू दाराशी आलाय. तीन वर्षांचा कोर्स कुणाला पुरणार आहे?"

"आणि पैसे?"

"देवाच्या कामाला दिले."

जग तीन वर्षंसुद्धा टिकणार नाही, तर सिमेंटचं सभागृह कुणासाठी बांधत होते, हे त्या पास्टरांना कुणीही विचारलं नाही. सभागृह झालं. आजही आहे. पुढच्या मार्चमध्ये कोरोना आला. दादांचा फोन, "बघ, म्हटलं नव्हतं?" मी काय बोलणार? त्या दिवसांत घाटीत आणि शहरातल्या प्रत्येक दवाखान्यात सगळ्यात जास्त गरज कुणाची होती? नर्सची. आमची पोरगी कापडाच्या दुकानात बिलं लिहीत होती. अजून तिथेच आहे.

म्हणून मी हे हसण्यावारी नेत नाही.

आता शास्त्राचं बोलू, कारण ही मंडळी प्रत्येक गोष्टीला शास्त्राचा आधार आहे म्हणतात. येशूने न्यायाच्या दिवसाबद्दल सगळ्यात सविस्तर सांगितलंय ते मत्तयाच्या २५ व्या अध्यायात. मेंढरं आणि शेरडं वेगळी करण्याचा तो प्रसंग आम्हाला संडे स्कूलपासून पाठ आहे. तिथे राजा काय विचारतो? तारीख ओळखली होती का, असं विचारत नाही. श्वापदाची संख्या कुणाची, हेही नाही. भुकेल्याला खायला दिलं का, तान्हेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. एवढे सहा प्रश्न. पेपर आधीच फुटलेला आहे हो! आणि परीक्षेची तारीख? ती पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला, असं याच्या आदल्याच अध्यायात स्वतः येशू सांगतो. जे फुटलंय त्याचा अभ्यास सोडून जे झाकलंय त्याच्यावर सभा घ्यायच्या, याला काय म्हणावं? त्यातही या सहांपैकी पाचव्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी एक मुलगी घरी बसवायची?

"पण चिन्हं तर दिसतात ना?" असं लगेच म्हणतील. युद्धं, भूकंप, रोगराई. त्याच २४ व्या अध्यायात येशूने सांगितलंय की हे सगळं होईल, पण घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. आमच्या मराठवाड्याला भूकंप नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाही 'हे शेवटाचं चिन्ह' आणि 'हा पापाचा दंड' म्हणणारे निघालेच होते. त्यांनी लूकचा १३ वा अध्याय वाचायला हवा होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? येशू साफ नाही म्हणतो. किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. घर नीट बांधलं तर माणूस वाचतो, हा त्यातला धडा.

'उचललं जाण्याचं' जे वेळापत्रक सभेत पडद्यावर दाखवतात (आधी गुपचूप उचललं जाणं, मग सात वर्षांचा संकटकाळ, मग ख्रिस्तविरोधी, मग हजार वर्षांचं राज्य) ते प्रेषितांच्या काळापासून चालत आलेलं आहे असा पुष्कळांचा समज आहे. ते जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात मांडायला सुरुवात केली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांमधून ते जगभर गेलं. ज्या वचनावर हे उभं आहे ते थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातलं. ते पौलाने कुणाला लिहिलं? ज्यांच्या घरची माणसं वारली होती त्यांना, सांत्वन म्हणून. आणि त्याच थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, कामधंदा सोडून बसलेल्यांना पौलाने चांगलं खडसावलं आहे. ते वचन सभेत कधी ऐकलंय? मी तरी नाही.

तीच गत ६६६ ची. १९८० च्या दशकात बारकोड हेच श्वापदाचं चिन्ह होतं. मग आधार कार्ड झालं. मिझोराममध्ये काही कुटुंबांनी याच भीतीने आधार नाकारल्याच्या बातम्या होत्या. मग लस. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती संख्या म्हणजे 'नीरो कैसर' या नावाच्या हिब्रू अक्षरांची बेरीज आहे. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि त्या नावाच्या लॅटिन वळणाने तीही बेरीज जुळते. प्रकटीकरण हे रोमी साम्राज्याखाली भरडल्या जाणाऱ्या छोट्या छोट्या मंडळ्यांना धीर देण्यासाठी लिहिलेलं पुस्तक. त्याच्या १८ व्या अध्यायात बाबेल पडल्यावर व्यापारी रडतात. त्यांच्या मालाची यादी सोन्याचांदीपासून सुरू होते आणि शेवटी माणसांपर्यंत येते, गुलाम म्हणून विकल्या जाणाऱ्या माणसांपर्यंत. देवाचा संताप तिथे आहे! आणि आमचे पास्टर तेच पुस्तक घेऊन कोरडवाहू शेतकऱ्याला घाबरवतात.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण आमच्या शिकलेल्या मंडळींनाही मी सोडणार नाहीये. शहरातल्या देवळांत आता न्यायाच्या दिवसाचं नावच कुणी काढत नाही. दर रविवारी मतांगीकारात तो येतो, तेवढाच. 'जुनाट कल्पना, भीती घालणारी' म्हणून तो कपाटात ठेवून दिला आहे. मैदान रिकामं सोडलं म्हणून तर त्यावर स्पीकरवाल्यांनी मांडव टाकला.

मंडळी, जरा मागे जाऊन पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. रतनजी नवरोजी, मूळचे पारशी, औरंगाबादेत काम करत होते. तिकडे जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचं गावच वसवलं. त्यांच्याकडे आलेले आमचे पणजे-खापरपणजे कोण होते? बहुतेक गावकुसाबाहेरचे. निजामाच्या मुलखात, पाटलाच्या चावडीवर ज्यांची फिर्याद कुणी ऐकून घेत नव्हतं असे लोक. त्यांना पहिल्यांदाच सांगण्यात आलं की एक कोर्ट असं आहे जिथे पाटील, सावकार आणि तू एकाच रांगेत उभे राहाल, जिथे वशिला चालत नाही आणि पुस्तकं उघडली जातात. त्यांना ती धमकी वाटली असेल? ती सुवार्ता होती! स्तोत्रांमध्ये देव न्याय करायला येतोय म्हणून रानातली झाडंसुद्धा आनंद करतात. ज्याची फिर्याद पडून आहे त्याला न्यायाधीश येण्याची भीती नसते.

आणि फिर्यादी संपल्या कुठे आहेत? १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर याच मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळल्या. त्यातल्या कितीतरी घरांना इथल्या कुठल्याच कोर्टात न्याय मिळाला नाही. शेवटचा न्याय नाहीच असं मी त्या म्हाताऱ्या माणसांना कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून मी न्यायाचा दिवस मानतो. अगदी मनापासून मानतो.

पण तो दिवस मानणारी माणसं कशी वागतात, तेही आपल्याच महाराष्ट्रात पाहिलेलं आहे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं पुनरुज्जीवन झालं. शेवटल्या काळात पवित्र आत्म्याचा वर्षाव होणार, ही भाषा तेव्हा सगळीकडे होती. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत. पण त्या मुली तिथे आल्या कशा? दुष्काळात रमाबाईंनी त्यांना शोधून शोधून आणलं होतं. त्याच आवारात छापखाना चालत होता, विणकाम चालत होतं, शाळा होती, विहिरी खणल्या होत्या. प्रभू उद्या येणार म्हणून आज विहीर कशाला, असं रमाबाई म्हणाल्या नाहीत. पैठणच्या नाथांनीही, ते ख्रिस्ती नसूनसुद्धा, तहानलेल्या गाढवाला काशीहून आणलेली गंगा पाजली अशी कथा आहे. मत्तयातल्या दुसऱ्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही. आणि आमच्या भागात तहान ही काही रूपकाची गोष्ट नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं.

असो. फार लांबलं. गावाकडच्या मंडळींना एवढंच सांगणं आहे की पुढच्या वेळी सभा लागली तर जरूर जा, गाणी म्हणा, प्रार्थना करा. पण अर्पणाची थैली फिरायच्या आधी पास्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा. एक, प्रभू इतक्या लवकर येणार असेल तर बांधकाम कशाला? दोन, मत्तय २५ मधल्या सहा कामांपैकी या पैशातून कुठलं होणार? आणि तीन, तुमची स्वतःची मुलं सध्या कुठे शिकताहेत, आणि त्यांची या वर्षीची फी भरली का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अवश्य कळवा.