केसांसाठी इंजेक्शन घेण्याआधी

बडनेऱ्याला एका निकाहात भाची भेटली. "खाला, जरा बाजूला या," म्हणाली आणि पर्समधून कागद काढला. अमरावतीच्या एका क्लिनिकचा. डोक्यात पीआरपीची सहा इंजेक्शने, काही पैसे आगाऊ. दोन हजार भरूनही झाले होते. बाकीच्यासाठी अम्मीच्या बांगड्या मोडायचा विचार चालला होता, कारण मंगनी ईदनंतर होती आणि केस मूठमूठभर गळत होते.

कागदावर एकाही रक्ततपासणीचे नाव नव्हते. डोके कोणी तपासले, असे विचारले, तर काउंटरवरच्या मुलीने मोबाईलवर फोटो काढला, एवढेच!

आम्ही विचारले, "मागे आजारी पडली होतीस का?" तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता.

इथेच गोष्ट उलगडते. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठे ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. मुळे जिवंत असतात, आणि बहुधा सहा महिन्यांत गळती आपोआप थांबून केस परत येतात. मधल्या काळात इंजेक्शने घेतली, तर श्रेय अर्थातच इंजेक्शनला जाते.

पीआरपी म्हणजे आपलेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग डोक्याच्या कातडीत टोचणे. साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा, पुढेही अधूनमधून. घराण्यात चालत आलेले टक्कल सुरुवातीला असेल, केस बारीक होत असतील, तर काहींना फायदा होतो, सगळ्यांना नाही. जिथे चकचकीत टक्कल पडले, तिथे मूळच उरलेले नसते, मग टोचून काय उगवणार?

चाईचे वेगळे. आपल्या घरांत तिला बालखोरा म्हणतात. रुपयाएवढा गोल चट्टा पडतो. किडा लागला म्हणून कोणी लसूण घासतात आणि कातडी भाजून घेतात. किडाबिडा काही नसतो. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. तिथे त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात थोडे स्टेरॉइड टोचतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. हे इंजेक्शन स्वस्त आणि पुष्कळदा गुणकारी. पण स्टेरॉइड हा शब्द ऐकून लोक यापासून पळतात आणि महागड्या पॅकेजला मात्र हो म्हणतात.

आधी कारण, मग सुई, हे आपल्या वऱ्हाडाने अलीकडेच पाहिले. डिसेंबर 2024 च्या अखेरीस अकोल्याजवळ शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत डोके खाजू लागले आणि तीन-चार दिवसांत लोकांना टक्कल पडले. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला, आयसीएमआरची पथके आली. विंचूदंशावरील उपचारांसाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. पुढे अनेकांचे केस पुन्हा येऊ लागले. त्या वेळी कोणी तिथे पॅकेज विकले असते, तर?

सुईची स्वच्छताही पाहा. अमेरिकेतल्या अल्बुकर्क इथे परवाना नसलेल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर हाच उपचार घेतलेल्या तीन बायकांना एचआयव्ही झाल्याचे तिथल्या आरोग्य खात्याने 2024 मध्ये जाहीर केले. तिथे रक्ताच्या नळ्यांवर नावे नव्हती आणि फ्रिजमध्ये त्या खाण्याच्या वस्तूंबरोबर ठेवल्या होत्या. म्हणून नवी सुई आपल्यासमोर फोडायला सांगा, नळीवर आपले नाव लिहिलेले पाहा आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा. यात बेअदबी नाही. गरोदर असाल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगा.

रमजानबद्दल बहिणी विचारतात. कातडीत घेतलेल्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. रक्त काढल्यावर हनफी मतानुसार वुजू मात्र पुन्हा करावा. मनात शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारा.

भाचीला आम्ही अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोग विभागात नेले. हिमोग्लोबिन कमी निघाले, थायरॉइड ठीक होते. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पोटभर डाळ-अंडी खायला सांगितली आणि थांबायला सांगितले. थांबणेच तिला सगळ्यांत जड गेले. मंगनी ठरल्या दिवशी झाली, तोवर कपाळाजवळ बारीक लव दिसू लागली होती. आगाऊ भरलेले दोन हजार मागायला आम्ही दोनदा अमरावतीला गेलो. अजून मिळाले नाहीत.